बुधावरचा खड्डा कुणाचा?

बालाजीच्या क्लासमधल्या सराव परीक्षेत प्रश्न होता: बुध ग्रहावरच्या विवरांना कुणाची नावं देतात? पर्याय चार. शास्त्रज्ञ, राजे, लेखक-कलावंत, नद्या. निम्म्याहून जास्त पोरांनी शास्त्रज्ञांवर गोळा रंगवला. संध्याकाळी सलीमभाईच्या सायकल दुकानासमोरच्या ओट्यावर बसून बालाजी त्या पोरांच्या नावानं बोटं मोडायला लागला.

"चंद्राचं पाठ केलंय आन् बुधाला चिटकवायलेत. चंद्रावर शास्त्रज्ञ, बुधावर लेखक-कलावंत, शुक्रावर बायका. एवढं सोपं हाय. तलाठी व्हायचंय म्हणं!"

"पण विवर म्हंजी काय, गुरुजी?" पांडुरंगमामांनी विचारलं. मामा हळद घेऊन मार्केटला आले होते, बीट म्हणजे लिलाव दुसऱ्या दिवशी होता, त्यामुळं मुक्काम हिंगोलीत आणि बैठक आमच्याकडं.

"खड्डा, मामा. वरून धोंडा आदळून पडलेला."

"मग आमच्या गावच्या रस्त्याला लेखक पुरायचे नाईत."

हा विनोद होणारच होता. झाला, सगळे हसले, आणि मोकळे झालो. मराठवाड्यात खड्डा हा शब्द निघाला की रस्त्याचा टोल भरल्याशिवाय चर्चा पुढं सरकत नाही.

बालाजीनं मोबाइलवरून यादी वाचायला सुरुवात केली. कालिदास, वाल्मीकी, व्यास, सूरदास, तानसेन, त्यागराज. ठाकूर नावाचं एक विवर, म्हणजे आपले रवींद्रनाथ. मग परदेशी मंडळी. मार्क ट्वेन, मोलिएर, सर्व्हांतेस, राबेले, डिकन्स. मिकी माऊसवाल्या डिस्नेच्या नावाचंसुद्धा एक.

"थांब," मी म्हणालो, "हे तर विनोदी लेखकांचं संमेलनच भरलंय की तिथं. फ्रेंच आहे, स्पॅनिश आहे, अमेरिकन आहे. यात मराठी विनोदी लेखक कोण?"

बालाजीनं अंगठ्यानं यादी वर ढकलली, खाली ढकलली. कुणीच नव्हता.

इथून पुढं दोन तास जे झालं ते लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण आमच्या कट्ट्यावर राजकारण आणि कापसाचा भाव सोडून इतका तावातावानं वाद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

पहिली उडी नितीननं मारली. त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि जगातली कुठलीही अडचण ऑनलाइन पैसे भरून सुटते यावर त्याची श्रद्धा आहे. "नाव द्यायला काय लागतंय? मी दिलंय की. गेल्या वर्षी पूजाच्या वाढदिवसाला तारा घेतला. तिच्या नावाचा." त्यानं फोटो दाखवला. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, कडेला सोनेरी वेलबुट्टी, मधोमध इंग्रजी लपेटीत 'पूजा', खाली ताऱ्याचे अंश-कला-विकला, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात ताऱ्याची प्रत: 11.4.

नेमक्या त्याच वेळी कदम मॅडम फिरून परत येत होत्या. मॅडम निवृत्त झाल्या तरी भूगोल निवृत्त झालेला नाही. ओट्यावरच्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय, उरलेल्यांच्या पोरांना. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला.

"नितीन, डोळ्यांना फार तर सहाव्या प्रतीपर्यंतचा तारा दिसतो, तेही पार अंधाऱ्या रानात. प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद होत जातो. तुझा सव्वाअकरा-साडेअकरा म्हणजे चांगली दुर्बीण पाहिजे. दाखवलास का पूजाला?"

"तिनं विचारलं, कुठाय. मी म्हणलं, वर हाय."

"आणि असलं नाव कुणी मानत नाही. ताऱ्यांची, विवरांची नावं ठरवते आंतरराष्ट्रीय खगोल संघटना. ती नावं विकत नाही. ज्यानं तुला विकलं, त्यानं तोच तारा आणखी दहा पूजांना विकला असेल."

नितीनचं तोंड उतरलं. सलीमभाईनं ट्यूब पाण्याच्या टबात दाबता दाबता विचारलं, "कितने का पडा?" नितीननं आकडा सांगितला नाही. आजतागायत सांगितलेला नाही.

जोशीकाका तोवर गप्प होते. काका पत्रिका बघतात, मुहूर्त काढून देतात, पैशासाठी नाही म्हणतात पण दक्षिणा नाकारतही नाहीत. ते आता सरसावून बसले. "हे लोक न कळत बरोबर करायलेत. पत्रिकेत बुध कशाचा कारक? वाणी, बुद्धी, चेष्टा-विनोद. विनोदी लेखकाला बुधावरच जागा पाहिजे. मंगळावर देऊन उपयोग नाही."

"आन् हा बुध मुळात कुणाचा?" मॅडमनी त्यांच्याकडं बघून विचारलं. "ती गोष्ट सांगा की, काका. पोरं मोठी झालीत आता."

काका कचरले, मग सांगितलीच. बृहस्पती म्हणजे देवांचा गुरू. त्याची बायको तारा चंद्राबरोबर गेली. त्यावरून देव-दानवांचं युद्ध पेटलं, ब्रह्मदेवानं मध्यस्थी करून ताराला परत आणलं, तोवर ती गरोदर. मूल झालं ते इतकं देखणं की गुरू म्हणतो माझं, चंद्र म्हणतो माझं. शेवटी ताराला विचारलं, ती म्हणाली चंद्राचं. तो बुध.

"ये तो पूरी सिरियल हाय," सलीमभाई म्हणाला.

मला खरं तर इथं एक गोष्ट मांडायची होती, पण कट्ट्यावर सरळ मांडणी करू देत नाहीत. ती अशी, की बुध हा ग्रह मुळातच विनोदी आहे. सूर्याभोवती फेरी 88 दिवसांत, स्वतःभोवती साडेअठ्ठावन्न दिवसांत. दोन्हींचा मेळ असा बसतो की एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले 176 दिवस जातात. म्हणजे तिथला एक दिवस बरोबर दोन वर्षांचा. त्यातही काही ठिकाणी उभं राहिलं तर सूर्य उगवतो, थबकतो, मागं फिरून मावळतो आणि पुन्हा उगवतो, कारण सूर्याच्या अगदी जवळून जाताना बुधाची पळण्याची गती त्याच्या फिरण्याच्या गतीला मागं टाकते. दुपारी पारा 430 अंशांवर, रात्री शून्याखाली 180. आणि इतकं असून ध्रुवाजवळच्या खोल विवरांत, जिथं ऊन कधी पोचतच नाही, तिथं बर्फ. एखाद्या विनोदी लेखकानं रचला असता तर संपादकानं 'फार ताणलंय' म्हणून परत पाठवला असता.

"म्हणजे तिथं एका दिवसात दोन वाढदिवस येणार?" नितीननं हिशोब केला.

"हाव."

"पूजाला सांगू नका."

मग उमेदवार मांडायला सुरुवात झाली. नितीन आणि बालाजी दोघांचंही एकच नाव: पु.ल. त्यात वाद कसला, असा दोघांचा सूर. घरोघरी पु.ल., मोबाइलमध्ये पु.ल., लग्नाच्या हॉलमध्ये सूत्रसंचालकाच्या तोंडी पु.लं.चं नसलेलं वाक्यसुद्धा पु.लं.च्या नावावर.

जोशीकाका आचार्य अत्र्यांचे. त्यांच्या वडिलांनी अत्र्यांचं भाषण ऐकलेलं आणि ते घरात अजून चालू आहे. मी सुरुवातीला काही बोललो नाही. चिं. वि. जोश्यांचं नाव मॅडमनी काढलं. बडोद्याला पाली भाषा शिकवणारा माणूस चिमणराव-गुंड्याभाऊ लिहितो, यातच निम्मा विनोद आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, पण चिमणराव म्हटलं की सगळ्यांना दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकरच आठवायला लागले आणि लेखक बाजूला पडला.

"आता नियम ऐका," मॅडम म्हणाल्या. "बुधावर नाव द्यायचं तर तो लेखक, कवी, चित्रकार, गवई असा कुणीतरी कलावंत पाहिजे. गेल्याला तीन वर्षं तरी झालेली पाहिजेत. पन्नास वर्षांहून जास्त काळ त्याची थोरवी मानलेली पाहिजे. आणि राजकीय, लष्करी, धार्मिक महत्त्वाची नावं चालत नाहीत. राजकीय माणूस असेल तर तो एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा."

"संपलं. अत्रे गेले," बालाजी टाळी वाजवून म्हणाला. "संयुक्त महाराष्ट्र!"

काकांचा चेहरा लाल झाला. "अरे, लढा होता तो! राजकारण काय म्हणतोस?"

"काका, लढा म्हणजे राजकारण नाही तर काय भजन हाय का?"

"मग तुझे पु.ल.? 1977 ला जनता पक्षाच्या सभा कुणी गाजवल्या? लोक तिकीट काढून नाटकाला जावं तसे पु.लं.च्या प्रचारसभेला जात होते. ते चालतं?"

हे बिनतोड होतं. बालाजी थोडा वेळ चहाच्या कपात बघत बसला. मग त्याला सापडलं: "ट्वेन कसा बसला मग? अमेरिकेनं फिलिपिन्स घेतलं तेव्हा साम्राज्याच्या विरोधातल्या संघटनेचा तो उपाध्यक्ष होता, मरेपर्यंत. आन् रवींद्रनाथ? जनगणमन लिहिणारा माणूस राजकीय नाही?"

"ते लेखक म्हणून बसले," मॅडम म्हणाल्या. "माणसाचं मुख्य काम काय, ते बघतात."

"मग अत्र्यांचं मुख्य काम काय होतं?" काकांनी विचारलं, आणि यावर कुणालाच झटकन उत्तर देता येईना. नाटक, सिनेमा, विडंबन, दैनिक, शाळेची क्रमिक पुस्तकं, सभा. अत्र्यांना कुठल्या एका कप्प्यात घालायचं म्हणजे अत्र्यांनाच विचारावं लागेल, आणि ते जे उत्तर देतील ते छापता येणार नाही.

माझा उमेदवार मी आता काढला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

ओटा शांत. सलीमभाईनं पंप थांबवला.

"कोण?" नितीननं विचारलं.

"बहु असोत सुंदर संपन्न की महा, ते लिहिणारे?" मॅडमना माहीत होतं. बाकीच्यांना गाणं माहीत होतं, माणूस नाही.

मी सांगितलं ते असं. कोल्हटकर 1871 ला नागपूरला जन्मले, वकील झाले, वऱ्हाडात अकोला, खामगाव, जळगाव-जामोद इथं वकिली केली. आपल्याला काही लांबचं नाही, हिंगोलीच्या वेशीवरून वाशिम ओलांडलं की अकोलाच. 1902 साली 'विविधज्ञानविस्तार' मासिकात त्यांचा 'साक्षीदार' हा लेख आला. कोर्टात खोट्या साक्षी कशा उभ्या राहतात ते वकिलानंच लिहिलेलं. मराठीतला स्वतंत्र विनोदी लेख म्हणतात तो तिथून सुरू झाला. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही तिघांची टोळी त्यांनी उभी केली आणि सण, सोवळं, शकुन, हुंडा, कशालाही सोडलं नाही. गडकरी त्यांना गुरू मानायचे. गडकऱ्यांचा बाळकराम आणि चिं.विं.चे चिमणराव-गुंड्याभाऊ हे सगळे त्याच पंगतीतले.

"हे ठीक आहे," बालाजी म्हणाला, "पण वाचतं कोण त्यांना?"

"ऐक तर. हाच माणूस आकाशाचं गणित करायचा. ग्रहांची स्थिती, ग्रहणं, पंचांग कसं मांडायचं, यावर त्यानं पुस्तक लिहिलंय, भारतीय ज्योतिर्गणित. जोशीकाका, फलज्योतिष नाही, गणित. आता सांगा, बुधावर जागा द्यायची तर ज्यानं बुधाची जागा गणितानं काढली त्याला द्यायची, की ज्यानं आयुष्यात बुध बघितला का नाही याचाच पत्ता नाही त्याला?"

बुध बघणं खरंच सोपं नाही. तो सूर्याला सोडून 28 अंशांच्या पलीकडं कधी जातच नाही. संध्याकाळी मावळतीला किंवा पहाटे उगवतीला, क्षितिजाच्या अगदी वर, संधिप्रकाशात थोडा वेळ. आमच्या ओट्यावरून मावळतीला एक गृहप्रकल्पाचा फलक आणि टॉवर आहे, त्यामुळं आमच्यापैकी कुणी त्याला नीट पाहिलेलं नव्हतं. मामांनी पाहिलं होतं. "पहाटं पाणी द्यायला गेलं की दिसतंय कधी कधी. शुक्राच्या चांदणीहून बारीक. आम्ही त्याला काय नाव देत न्हाई."

मामांना आकाश आमच्यापेक्षा जास्त येतं, फक्त त्यांची नावं वेगळी. सप्तर्षी म्हटलं तर कळणार नाही, बाज म्हटलं की लगेच बोट दाखवतात: चार पाय ते म्हातारीच्या बाजेचे, मागचे तीन ते चोर. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे म्हणजे तिकांडं. आणि इथंच बालाजीनं मामांना अडकवायचा प्रयत्न केला. "मामा, सात-आठ जूनला मृग निघतो म्हणता ना, मग त्या रात्री मृग कुठं दिसतो?"

"कशाला दिसल? तवा सूर्य त्याच्यापाशी ऱ्हातो. मृग बघायचा थंडीत, गव्हाला पाणी देताना."

बालाजीच्या क्लासमध्ये हा प्रश्न निम्म्या पोरांचा चुकतो, हे त्यानंच नंतर सांगितलं. नक्षत्र लागलं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला, म्हणजे ते उजेडात बुडालं. पावसाची सगळी नक्षत्रं आपण न बघताच मोजतो. आणि मोजून वर त्यांना वाहन देतो: यंदा मृग बेडकावर, आर्द्रा म्हशीवर, हस्त गाढवावर. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकी उरेल ते जनावर. गाढव निघालं की मार्केटमध्ये माणसांची तोंडं उतरतात. कोल्हटकरांना आयता विषय होता.

काकांना हे झोंबलं. त्यांनी हुकमी पान टाकलं. "मार्क ट्वेन जन्मला 1835 च्या 30 नोव्हेंबरला, हॅलेचा धूमकेतू सूर्यापाशी आला त्यानंतर दोन आठवड्यांनी. 1909 साली म्हणाला, धूमकेतूबरोबर आलोय, धूमकेतूबरोबरच जाणार. 1910 च्या 20 एप्रिलला धूमकेतू पुन्हा सूर्यापाशी, आणि 21 ला हा गेला. आता याला काय म्हणता? विनोदी लेखकाचं भविष्य खरं ठरतं आणि आमचं नाही?"

सगळे गप्प झाले, कारण तारखा खऱ्या होत्या. बोलल्या त्या मॅडम. "धूमकेतू काय एका रात्रीचा पाहुणा असतो का, काका? महिनोन्महिने आकाशात असतो. त्या काळात लाखो माणसं जन्मली, लाखो गेली. त्यातला एक ट्वेन होता म्हणून आपल्याला माहीत. आणि भविष्याचंच म्हणाल तर त्याच 1910 ला काय झालं? शेपटीत सायनोजन हा विषारी वायू सापडला, आणि मे महिन्यात पृथ्वी त्या शेपटीतून जाणार असं कळलं. लोक घाबरले. तिकडं लोकांनी धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेतल्या, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. शेपटी इतकी विरळ की पृथ्वीला कळलंसुद्धा नाही."

"गोळ्या?" नितीनचे डोळे चमकले. त्याला पहिल्यांदाच आपल्यासारखं कुणीतरी भेटलं.

"आणि नारळीकरांचा प्रयोग विसरलात का?" बालाजीनं संधी साधली. दोनशे पत्रिका, शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ओळखा कुठली कुणाची. उत्तरं पाठवली 27 ज्योतिषांनी आणि सरासरी बरोबर निघाली 46 टक्के. "नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती, काका."

"मला विचारलं नव्हतं," काका म्हणाले. हे मात्र मानावं लागेल. काका हरतात पण पडत नाहीत.

सलीमभाईची तक्रार वेगळीच होती. "तुम लोग मराठीच मराठी करायले. ह्या मुलखात उर्दूत हसवणारे कमी झाले का? मुज्तबा हुसैन हैदराबादचा, पद्मश्री मिळाली 2007 ला, हसवून हसवून रडवायचा. आन् आकाशाचंच म्हणशील तर निजामाच्या राज्यात वेधशाळा होती. 1901 ची. तवा आपन सगळे त्याच राज्यात."

हे खरं आहे आणि आपण ते विसरतो. निजामिया वेधशाळा हैदराबादच्या नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या पैशातून सुरू केली, पुढं ती सरकारकडं आणि मग उस्मानिया विद्यापीठाकडं गेली. जगातल्या मोजक्या वेधशाळांनी मिळून सबंध आकाशाचा फोटो-नकाशा करायचं काम वाटून घेतलं होतं, त्यात एक पट्टा हैदराबादकडं होता, आणि तिथल्या लोकांनी काचेच्या प्लेटांवरून सात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजून काढल्या. हातानं. संगणक नव्हता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडचे लोक ज्या राज्याला सारा भरत होते, त्याच राज्यात हे चाललं होतं. याचा धडा बालाजीच्या जीकेच्या पुस्तकात नाही, मी बघितला.

मुज्तबा हुसैन 2020 ला गेले, म्हणजे तीन वर्षांचा नियम पुरा होतो. मॅडम म्हणाल्या, यादीत घ्या. घेतलं.

आता बाई म्हणून मॅडमनी एक टोमणा मारला तो नोंदवायलाच पाहिजे. "तुम्ही पुरुष बुधासाठी भांडताय. शुक्रावर बघा. तिथं जोशी नावाचं विवर आहे, आनंदीबाई जोश्यांचं. मेधावी नावाचं आहे, ते पंडिता रमाबाईंचं. आमची सोय कधीच झालीय." यावर कुणालाच काही सुचलं नाही. जोशीकाका मात्र उगाच खूश झाले.

पण खरा बाँब टाकला पांडुरंगमामांनी. ते मघापासून तंबाखू मळत ऐकत होते. "तुमी सगळे कोटवाले सांगायलेत. पहिला हसवणारा आमचा नाथ. पैठणचा. इंचू चावला म्हणताना मंडप हसून हसून लोळतो, गेली चारशे वर्सं. त्येच्या आधी कोण हाय, सांगा."

एकनाथ. 1533 ते 1599. भारुडं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"धार्मिक नावं चालत नाहीत, मामा," बालाजीनं नियम काढला.

"मग सूरदास कोण? वाल्मीकी कोण? त्यागराज काय सिनेमाची गाणी लिवत होता का?"

मॅडम हसायला लागल्या. मामांनी यादी एकदाच ऐकली होती आणि त्यातले नेमके तीन दाखले पाठ धरून ठेवले होते. बालाजीच्या क्लासला असले विद्यार्थी मिळाले तर तो तालुक्याला हवेली बांधील.

"आन् आकाशाचं म्हणताय तर," मामा पुढं म्हणाले, "नाथाचं जोशाचं भारूड हाय. जोशी येतो, होरा ऐका म्हणतो, आन् ग्रहाचं सांगायचं सोडून माणसाच्या मनाचं खोटं उघडं करतो." असं म्हणून त्यांनी जोशीकाकांकडं बघितलं. काकांनी दुसरीकडं बघितलं.

माझं मत मी सोडलं नाही. नाथांचा विनोद मोठा, पण तो माणसाला देवाकडं न्यायचं साधन आहे. हसू वाटेत मिळतं. कोल्हटकरांनी हसण्यासाठी हसवलं आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. शिवाय एका हातानं ग्रहांचं गणित आणि दुसऱ्या हातानं ग्रहांना घाबरणाऱ्यांची टर, हे एकाच माणसात बसलेलं मला तरी दुसरीकडं दिसलेलं नाही. मामा म्हणाले, "हासू वाटंतच मिळायला पायजे, मुक्कामावर कोण हासतंय?" यावर मी अजून विचार करतोय.

अर्ज करायचं ठरलं. मॅडमनी पुन्हा पाणी ओतलं. नाव आपण मागून मिळत नाही. एखाद्या शास्त्रज्ञाला त्या विवराबद्दल काही लिहायचं असतं, त्याचा उल्लेख करायला नाव लागतं, तेव्हा तो सुचवतो आणि संघटना तपासते. म्हणजे आधी बुधावर काम करणारा शास्त्रज्ञ गाठायचा.

"औंढ्याला लायगो होतंय, तिथं येतील की शास्त्रज्ञ," नितीन म्हणाला. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारं केंद्र उभं राहतंय. केंद्रानं 2023 ला 2,600 कोटींना मंजुरी दिली. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आत लेसर, आणि कुठंतरी अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आदळली तर त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या कणाहून कितीतरी लहान फरक पडतो, तो मोजायचा. मामांना वाटत होतं मोठी दुर्बीण येणार. मॅडमनी सांगितलं, त्यातून बघता काहीच येत नाही. "मग बुधाचं त्यांना काय विचारता? हा तर आंधळा कारभार," मामा म्हणाले. मुद्दा बरोबर होता. लायगोवाल्यांचा आणि बुधाच्या खड्ड्यांचा तसा काही संबंध नाही.

त्यात काकांनी मोबाइलमध्ये पंचांग उघडलं. "बुध वक्री आहे. आत्ता कुठलाही पत्रव्यवहार नको."

मॅडमनी सलीमभाईकडं रिम मागितल्या. लहान पोराच्या सायकलची एक, मोठी 28 इंची एक. मोठी जमिनीवर ठेवली, लहान तिच्या मध्यात. लहान रिमवर एक नट ठेवला, तो बुध. मोठीवर चहाचा कप, ती पृथ्वी. मधोमध सलीमभाईचा पाना, तो सूर्य. मग दोन्ही हातांनी नट आणि कप एकाच दिशेनं सरकवायला लागल्या, नट भराभर, कप हळू. "कपाच्या जागेवरून नटाकडं बघ, नितीन, आणि त्याच्या मागं दुकानाच्या शटरवर कुठली पट्टी येते ते सांग." नितीन पालथा पडून बघायला लागला. पट्टी डावीकडं, डावीकडं, डावीकडं. नट कपाच्या आणि पान्याच्या मधून पुढं निघाला तशी पट्टी उजवीकडं.

"उलटा चालला की!"

"नट उलटा गेला का?"

"न्हाई. नट सरळच गेला."

"हेच वक्री. वर्षातून तीन-चार वेळा, तीनेक आठवडे. बुध आपल्याला मागं टाकून पुढं जातो, एवढंच."

काकांनी वाकून शटर बघितलं, नट बघितला, कप बघितला. "ते सगळं मान्य. पण पत्र तीन आठवड्यांनीच टाका."

बालाजीनं तोवर आणखी एक शोधून काढलं. मेसेंजर यानानं 2011 ते 2015 बुधाचा सगळा नकाशा काढला, पण बिननावाची विवरं ढिगानं पडून आहेत. आता 2018 ला निघालेलं युरोप-जपानचं बेपीकोलंबो 2026 च्या नोव्हेंबरात बुधाच्या कक्षेत शिरायचं आहे. नवे फोटो येतील, नवे लेख निघतील, नवी नावं लागतील. शिवाय तिथल्या एका मैदानाचं नाव आधीपासूनच 'बुध' आहे, आपल्या शब्दावरून. म्हणजे आपली ओळख निघते.

"मग भांडता कामून?" सलीमभाई म्हणाला. "सगळ्यांना एकेक देऊन टाका. जागा मोप हाय."

जागा मोप आहे म्हटल्यावर वाद मिटायला पाहिजे होता. पांडुरंगमामांनी तंबाखूची पुडी खिशात घातली आणि विचारलं, "पण मग मोठा कुणाला?"

"पु.लं.ना," नितीन आणि बालाजी.

"अत्र्यांना छोटा पुरणार नाही," काका.

"कोल्हटकरांना," मी, आणि सलीमभाईनं रिमा उचलायला लावल्या, कारण गिऱ्हाईक उभं होतं.